टँकर आधी की सायलो आधी? (विखुरलेलं सिम्युलेशन, चार मशीन आणि रोज नवं उत्तर)

विरजण | मंगळवार, रात्री १०:४०

धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

एका दूध संघासाठी आम्ही सिम्युलेशन करतोय. तीन शीतकरण केंद्रं, एक मुख्य प्लांट. केंद्रांवर गावोगावचं दूध येतं, ४ अंशांपर्यंत थंड होतं आणि दहा-दहा हजार लिटरच्या टँकरमधून प्लांटला जातं. तिथे टँकर उतरवायला सायलो (दूध साठवायची मोठी टाकी) मोकळा हवा. सायलो रिकामा झाला तरी लगेच भरता येत नाही, आधी सीआयपी: कॉस्टिक, ॲसिड, गरम पाणी आतल्या आत फिरवून धुणं. त्याला आम्ही ४० मिनिटं धरलीत. टँकर गेटवर आला आणि एकही सायलो तयार नसेल, तर आमच्या मॉडेलमध्ये तो दुसऱ्या प्लांटकडे वळतो. संघाचा प्रश्न साधा आहे: महिन्यात किती टँकर वळतात आणि तिसरा सायलो घेतला तर किती वाचतील?

मॉडेलचे चार भाग चार मशीनवर चालतात. हौस म्हणून नाही. एका केंद्राचं मॉडेल एका टीमने जावात लिहिलंय, दुसऱ्यांनी पायथनमध्ये, आणि प्लांटचा डेटा प्लांटच्या नेटवर्कबाहेर काढायची परवानगी नाही. म्हणून एक 'घंटा' प्रोग्रॅम ठेवला. तो म्हणतो "५:५९", सगळे आपापलं ५:५९ चं काम उरकतात, एकमेकांना निरोप पाठवतात, "झालं" म्हणतात, मग घंटा म्हणते "६:००".

आता गंमत. तोच डेटा, तेच रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका जिथून सुरू होते तो आकडा), कोडमध्ये स्वल्पविरामाचाही फरक नाही. सोमवारी सकाळी चालवलं, ११ टँकर वळले. दुपारी १७. रात्री घरून व्हीपीएन लावून चालवलं, १४.

लॉग काढून बसले तर घोळ सापडला. ६:०० ला टँकर गेटवर पोचतो. ६:०० लाच सायलो २ ची सीआयपी संपते. ज्याचं पॅकेट आधी येतं तो जिंकतो. सगळ्या वेळा मिनिटाला गोल केलेल्या, त्यामुळे असे सामने दिवसातून चार-पाच वेळा होतात.

साहेब म्हणाले, सरासरी काढून देऊन टाका. ११, १७ आणि १४ ची सरासरी १४, आकडासुद्धा गोंडस येतो. पण ही सरासरी दुधाची नाही हो, वायफायची आहे!

तर प्रश्न असा: यावर काही रीतसर सिद्धान्त आहे का, की सगळे असंच ठोकून-ठाकून चालवतात?

काठावरचा_पास | मंगळवार, रात्री १०:४८

जागा पकडली. दुधातलं कळतं, सिम्युलेशनमधलं नाही. चालू द्या.

खटपट्या | मंगळवार, रात्री ११:०५

चारही मशीन एकाच रँडम जनरेटरकडून आकडे मागतात का? तसं असेल तर सीड एकच असून उपयोग नाही. ज्याने आधी मागितलं त्याला पहिला आकडा, म्हणजे तिथेही वायफायच. प्रत्येक मॉडेलला स्वतःचा वेगळा प्रवाह द्या.

विरजण | मंगळवार, रात्री ११:११

अरे देवा. हो. घंटाच आकडेही वाटते. एक भोक बुजवलं, धन्यवाद. बाकीची दिसतीलच.

बाराखडी | बुधवार, सकाळी ७:२०

त्या ६:०० च्या क्षणी काय व्हायला हवं हे तुमच्या मॉडेलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. कुणीतरी ठरवायला हवंच, म्हणून नेटवर्क ठरवतंय.

रीतसर सिद्धान्त आहे आणि चांगला जुना आहे. बर्नार्ड झाइगलर यांचं 'थिअरी ऑफ मॉडेलिंग अँड सिम्युलेशन' १९७६ सालचं. त्यातली जी मांडणी आज सगळीकडे चालते तिला डेव्ह्स (डिस्क्रीट इव्हेंट सिस्टिम स्पेसिफिकेशन) म्हणतात. वर्गात मी ती पोरांना नेहमी एखाद्या घरगुती वस्तूवर शिकवतो, इथे तुमचा सायलो आयताच मिळाला.

डेव्ह्समध्ये सुटं मॉडेल म्हणजे सात गोष्टी. तीन संच: आत काय येऊ शकतं, बाहेर काय जाऊ शकतं, आणि अवस्था कोणकोणत्या. सायलोच्या अवस्था तयार, भरतोय, भरलेला, उपसतोय, धुतोय. मग चार फंक्शनं. पहिलं टाइम ॲडव्हान्स: कुणी ढवळलं नाही तर या अवस्थेत किती वेळ राहणार. 'धुतोय'ला ४० मिनिटं. 'तयार'ला अनंत, कारण टँकर आल्याशिवाय त्याला हलायचं कारणच नाही. ती वेळ भरली की आधी आउटपुट फंक्शन बोलतं ("मी तयार") आणि मग अंतर्गत स्थित्यंतर अवस्था बदलतं. हा क्रम ठरलेला आहे, आधी बोलणं मग बदलणं. वेळ भरायच्या आत बाहेरून काही आलं तर बाह्य स्थित्यंतर चालतं. त्याला तीन गोष्टी हातात मिळतात: अवस्था, त्या अवस्थेत येऊन किती वेळ लोटला तो 'ई', आणि आलेलं इनपुट.

अशी सुटी मॉडेलं तारांनी जोडली की जोडमॉडेल. या मांडणीचं सगळ्यात देखणं प्रमेय असं की जोडमॉडेल स्वतः पुन्हा एका सुट्या मॉडेलसारखंच वागतं. म्हणजे प्लांट हे गेट आणि दोन सायलोंचं जोडमॉडेल आहे हे केंद्राला कळायची गरजच नाही. पेटीत पेटी, कितीही खोल.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं ती गोष्ट: झाइगलर मॉडेल आणि सिम्युलेटर यांना दोन वेगळ्या वस्तू मानतात. मॉडेल कागदावर असतं. सिम्युलेटर म्हणजे ते कागदावरचं पाळून दाखवणारं यंत्र, मग ते एक मशीन असो की चार. मॉडेल खऱ्या प्लांटसारखं आहे का हा एक प्रश्न. सिम्युलेटर मॉडेलशी इमानदार आहे का हा दुसरा. तुमच्याकडे कागदच नाही, त्यामुळे ११ बरोबर की १७ हे विचारायलासुद्धा जागा नाही.

विरजण | बुधवार, सकाळी ९:०२

सर, तुमच्या त्या 'ई'वर अडखळले आणि कोड उघडला. सायलो धुतला जात असताना गेटकडून "टँकर उभा आहे" असा निरोप येतो. आम्ही तो रांगेच्या आकड्यात भरतो आणि अवस्था 'धुतोय'च ठेवतो. त्यानंतर टाइम ॲडव्हान्स पुन्हा विचारला जातो आणि तो इमाने इतबारे ४० सांगतो.

म्हणजे २५ मिनिटं धुऊन झाली असताना टँकर आला की आमचा सायलो पुन्हा पहिल्यापासून आंघोळीला. दर टँकरला!

बाराखडी | बुधवार, सकाळी ९:३०

हा खड्डा सगळ्यांच्या वाटेत येतो, माझ्याही आला होता. उपाय सोपा: अवस्थेतच 'उरलेला वेळ' ठेवा, बाह्य स्थित्यंतरात त्यातून ई वजा करा, टाइम ॲडव्हान्सने तो उरलेला वेळच सांगायचा. २५ मिनिटं झाली असतील तर १५ उरली.

टोकदार | बुधवार, दुपारी १:१५

विरजणताई, स्पष्ट बोलतो. तीन केंद्रं आणि दोन सायलो. महिन्याभराच्या घटना काही हजार. हे एका जुन्या लॅपटॉपवर दोन सेकंदांत संपतं. एक प्रोग्रॅम, घटनांची एक यादी वेळेनुसार लावलेली, वरची उचला, चालवा, पुढची. वाटून काय मिळवलंत? डोकेदुखी. आणि आता त्या डोकेदुखीसाठी सात संच आणि फंक्शनं.

विरजण | बुधवार, दुपारी १:४०

वेगासाठी नाही वाटलं हो. प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा आहे. जावावाले कोड देणार नाहीत, प्लांट डेटा देणार नाही. एका लॅपटॉपवर आणायचं तर आधी तीन बैठका आणि एक करारनामा.

पंचकार्ड | बुधवार, संध्याकाळी ५:५०

टोकदार, तुमचं अर्धं बरोबर आहे. पण विखुरलेल्या सिम्युलेशनच्या दोन वंशावळी आहेत आणि विरजणचा प्रश्न दुसरीतला.

पहिली वेगाची. १९७७ मध्ये एमआयटीत रँडल ब्रायंट, आणि १९७९ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनला मणी चंडी आणि जयदेव मिश्रा. चंडी मद्रास आयआयटीचे, मिश्रा कानपूर आयआयटीचे, हे आमच्या पिढीला फार अभिमानाने सांगायला आवडायचं. एकच सिम्युलेशन अनेक प्रोसेसरांवर वाटायचं, पण उत्तर एका प्रोसेसरवर आलं असतं तेच यायला हवं, ही त्यांची अट. संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅमपोर्ट यांचा वितरित घड्याळांवरचा प्रसिद्ध लेख मधल्याच वर्षीचा, १९७८. तो काळच "आधी म्हणजे काय" विचारण्याचा होता.

दुसरी वंशावळ मालकीची, किंवा जागेची म्हणा. १९८३ च्या सुमारास डार्पाने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण संशोधन संस्थेने, सिमनेट सुरू केलं. रणगाड्यांचे सिम्युलेटर वेगवेगळ्या तळांवर आणि सगळ्यांची लढाई एकच. तिथे वेगापेक्षा प्रश्न असा होता की इथला रणगाडा तिथल्याला दिसला पाहिजे. दर क्षणी जागा कळवली तर तारा तुंबतील, म्हणून 'डेड रेकनिंग': समोरचा याच वेगाने याच दिशेने जातोय असं धरून चालायचं, आणि तो त्या अंदाजापासून ठरावीक अंतर भरकटला तरच त्याने कळवायचं. तिथून पुढे डिस (डिस्ट्रिब्युटेड इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशन), म्हणजे आयईईई १२७८ हे मानक. मग १९९० च्या दशकात अमेरिकी संरक्षण खात्याचं हाय लेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे एचएलए, वेगवेगळी सिम्युलेशनं जोडायची चौकट, जी २००० साली आयईईई १५१६ झाली.

माझ्या तरुणपणी जीपीएसएस या जुन्या सिम्युलेशन भाषेत बँकेच्या रांगा मांडल्या आहेत. प्रोग्रॅमच्या पंचकार्डांचा गठ्ठा जिन्यावर सांडला की घटनांचा क्रम काय असतो ते बरोबर कळतं.

झिपरी | बुधवार, रात्री ९:१२

काका, शेवटचं वाक्य कहर!

मी फायनल इयरला आहे. घंटा मिनिटामिनिटाला वाजवण्यात चूक काय? सगळे एकत्रच पुढे जातात ना?

नर्मदाकाठ | बुधवार, रात्री १०:००

झिपरी, उत्तर देतो. इथे जरा रमणार आहे, सांभाळून घ्या.

घंटेच्या पद्धतीत रात्री २ ते ४ काहीही घडत नसलं तरी १२० वेळा घंटा वाजते. आणि मिनिटाच्या पोटात काय क्रम, ते घंटेला माहीत नाही. दुसरी पद्धत घटनांवर चालणारी: प्रत्येक मशीनचं आपलं घड्याळ. नियम एकच, कुणीही आपल्याकडच्या घटना उलट्या क्रमाने चालवायच्या नाहीत.

पण प्लांटच्या हातात ६:०० चा टँकर आहे आणि केंद्र ३ कडून बराच वेळ काही आलेलं नाही. केंद्र ३ चा ५:५८ चा टँकर मागून आला तर? चंडी, मिश्रा आणि ब्रायंट म्हणतात, थांबा. खात्री झाल्याशिवाय हलायचं नाही. मग प्लांट केंद्रासाठी थांबतो, केंद्र प्लांटच्या "पाठवा" किंवा "पाठवू नका" या फोनसाठी थांबतं, आणि सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. डेडलॉक.

यावरचा उपाय मला फार आवडतो. काही पाठवायचं नसलं तरी निरोप पाठवायचा, "अमुक वेळेपर्यंत माझ्याकडून काही येणार नाही". हा रिकामा निरोप, नल मेसेज. केंद्र ३ पासून प्लांट कमीत कमी ४५ मिनिटांवर आहे समजा. केंद्राच्या घड्याळात ५:१५ झालेत आणि कोणताही टँकर सुटलेला नाही. मग केंद्र छातीठोकपणे सांगू शकतं, ६:०० च्या आधी माझा टँकर तुमच्या दारात दिसणार नाही. या ४५ मिनिटांना लुकअहेड म्हणतात. लुकअहेड कुठून आला? संगणकातून नाही, रस्त्यातून आला. रस्त्याचं अंतर माहीत असणं हीच इथली ताकद.

आता हा फोन. प्लांट केंद्राला फोन करून "पाठवू नका" सांगतो तेव्हा वेळ शून्य. लोक घाबरतात की शून्य आलं म्हणजे संपलं. तसं नाही. बघायची ती पूर्ण फेरीची बेरीज: केंद्र ते प्लांट ४५, प्लांट ते केंद्र ०, बेरीज ४५. दर फेरीला घड्याळं ४५ मिनिटं पुढे सरकतात, मजेत चालतं. पण दोन केंद्रं एकमेकांना "जादा टँकर आहे का?" असा फोन करत असतील आणि दोन्ही बाजूंना शून्य, तर त्या फेरीची बेरीज शून्य आणि रिकामे निरोप त्याच वेळेवर कायमचे फिरत राहतील. फोनला दोन्हीकडून एक-एक मिनिट दिलं तर सुटेल, पण महिन्याची ४३,२०० मिनिटं दोन-दोन मिनिटांच्या मुंगीपावलांनी कापावी लागतील.

विरजण | बुधवार, रात्री १०:२५

केंद्र १ आणि २ खरंच असे फोन करतात. मॉडेलमध्ये शून्य वेळात.

टोकदार | बुधवार, रात्री १०:३१

करारनाम्याच्या बैठका एव्हाना उरकल्या असत्या.

झिपरी | गुरुवार, सकाळी ८:०५

थांबायचंच नाही असं केलं तर? टाइम वॉर्प ऐकलंय, पण सरांनी दोन स्लाइडमध्ये गुंडाळलं.

बाराखडी | गुरुवार, सकाळी ८:५०

दोन स्लाइडवाले सर मी नव्हे, अशी आशा आहे.

डेव्हिड जेफरसन यांचा लेख १९८५ चा. थांबू नका, बिनधास्त पुढे जा, फक्त वाटेत आपल्या अवस्था जपून ठेवा. प्लांट ६:२० पर्यंत पोचला आणि मागून ५:५८ चा टँकर आला? मग ५:५८ च्या आधीच्या अवस्थेला परत जायचं. तेवढ्यात आपण जे निरोप पाठवले ते रद्द करायला त्यांच्या मागे प्रतिनिरोप धाडायचे. निरोप आणि प्रतिनिरोप भेटले की दोघेही नाहीसे. समोरच्याने तो निरोप आधीच वापरला असेल तर तोही मागे जातो, तोही प्रतिनिरोप पाठवतो. लग्नाची तारीख बदलल्यावर पत्रिकांचं जे होतं ते.

मग कायमचं पक्कं काय? सगळ्यांची घड्याळं आणि वाटेत असलेले निरोप यांतली सगळ्यात मागची वेळ काढायची, तिला जीव्हीटी (ग्लोबल व्हर्च्युअल टाइम) म्हणतात. तिच्या मागे कुणीच जाऊ शकत नाही. तिथपर्यंतच्या जपलेल्या अवस्था, शेवटची एक सोडून, टाकून द्यायच्या, आणि छापील पावती काढायची तर तीही तिथपर्यंतचीच, कारण हातात दिलेली पावती प्रतिनिरोपाने परत येत नाही.

हे केवळ कागदावरचं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सेकोया या महासंगणकाच्या १९,६६,०८० कोअरवर टाइम वॉर्प चाललं. सेकंदाला ५०४ अब्ज घटना. त्या चमूत जेफरसन स्वतः होते. तिथे अवस्था जपण्याऐवजी गणितच उलटं चालवून मागे जायची युक्ती वापरली होती: पुढे जाताना एक मिळवला असेल तर मागे येताना एक वजा करायचा.

खटपट्या | गुरुवार, सकाळी ९:१०

म्हणजे कंट्रोल-झेड, पण चारचौघांत.

श्टुटगार्टकर | गुरुवार, दुपारी ३:३०

इथे गाड्यांच्या क्षेत्रात हेच दुखणं वेगळ्या नावाने आहे. ब्रेकचं मॉडेल एका पुरवठादाराचं, इंजिनचं दुसऱ्याचं, कोणी कोड देत नाही. म्हणून एफएमआय (फंक्शनल मॉक-अप इंटरफेस): २०१० साली पहिली आवृत्ती आली, बंद डबा द्यायचा, बाहेर फक्त ठरलेल्या कळा. घटना नेमक्या वेळेला हाताळण्यासाठी त्यात 'क्लॉक' यायला २०२२ ची तिसरी आवृत्ती उजाडली. विरजणताईंच्या जावावाल्यांना हे पटेल कदाचित.

एक इशारा. एचएलए घेतलंत म्हणजे सुटलात असं समजू नका. एचएलए वेळेच्या क्रमाने निरोप पोचवायची हमी देतं, पण एकाच वेळेचा शिक्का असलेल्या दोन निरोपांत आधी कोण याची हमी देत नाही. तुमचा ६:०० चा सामना तिथेही तसाच.

आणि वेळ दशांशात ठेवू नका. ०.१ अधिक ०.२ संगणकात नेमके ०.३ होत नाहीत. एका मशीनवर बेरीज करत आलेले सहा आणि दुसऱ्यावर गुणून आलेले सहा केसभराने वेगळे निघतील, आणि मग खरी बरोबरी (टाय) असली तरी एक जण उगाच आधी ठरेल, किंवा नसताना टाय दिसेल. पूर्णांक ठेवा, सेकंद म्हणा मिलिसेकंद म्हणा. एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्येसुद्धा वेळ ६४ बिटांच्या पूर्णांकात असते.

विरजण | गुरुवार, रात्री ११:२०

मग टायचं करायचं काय? सगळं पुन्हा तिथेच येतंय.

बाराखडी | शुक्रवार, सकाळी ६:५५

जुन्या डेव्ह्समध्ये जोडमॉडेलला एक निवड फंक्शन असायचं: एकाच क्षणी दोघे उठले तर आधी कोण. चालतं, पण एकेकाला रांगेत उभं करतं, आणि वाटून चालवायचं तर नेमकं तेच नको असतं. १९९४ मध्ये चाउ आणि झाइगलर यांनी समांतर डेव्ह्स मांडलं. त्यात त्या क्षणी ज्यांची वेळ भरली ते सगळे एकदम बोलतात, आणि ज्याला जे जे येतं ते एका पिशवीत मिळतं.

तुमच्या गेटला ६:०० ला एक पिशवी मिळेल. आत दोन चिठ्ठ्या: 'टँकर आला' आणि 'सायलो २ तयार'. पिशवीतल्या चिठ्ठ्यांना क्रम नसतो. म्हणून फंक्शन असं लिहायचं की चिठ्ठ्या कशाही काढल्या तरी उत्तर एकच. उदाहरणार्थ, आधी सगळे तयार सायलो मोजा, मग टँकर वाटा, दोन टँकर असतील तर गाडी क्रमांकाने. नेटवर्कने कुठली चिठ्ठी आधी आणली याला काडीची किंमत उरत नाही.

आणि पिशवी येण्याच्या त्याच क्षणी स्वतः गेटचीही वेळ भरली असेल तर? त्यासाठी आठवं फंक्शन, संगमाचं. आधी स्वतःचं उरकून मग पिशवी उघडायची की उलटं, ते मॉडेल करणाऱ्याने लिहायचं. बहुतेक जण आधी अंतर्गत, मग बाह्य असं ठेवतात. ते निसर्गाने दिलेलं नाही, तुम्ही ठरवायचं आहे.

टोकदार | शुक्रवार, सकाळी १०:०५

सर, एक छिद्र आहे. समजा जावावाल्यांच्या मॉडेलमध्ये टँकर रस्त्यावरून थेट गेटवर न येता मध्ये शून्य वेळाची एक पायरी आहे, 'वजनकाट्यावर नोंद'. मग सायलोची चिठ्ठी ६:०० च्या पहिल्या फेरीत येईल, टँकरची ६:०० च्याच दुसऱ्या फेरीत. एका पिशवीत येणारच नाहीत. इथे निभावेल, सायलो आधी आला. पण शून्य पायरी सायलोच्या बाजूला असली तर टँकर पहिल्या फेरीत वळलेला असेल.

बाराखडी | शुक्रवार, सकाळी १०:४०

बरोबर. मघाशी सिद्धान्तावर खेकसत होतात आणि आता सिद्धान्ताची नेमकी नस पकडलीत.

शून्य वेळाच्या पायऱ्या हा खरा चोर आहे. दोन मॉडेलं शून्य वेळात एकमेकांना "तुम्ही घ्या", "नाही, तुम्ही घ्या" करायला लागली तर पंगतीतल्या आग्रहासारखं घड्याळ ६:०० वरच अडकतं, अशा मॉडेलला डेव्ह्समध्ये वैधच मानत नाहीत. तुमच्या बाबतीत उपाय असा की गेटने टँकर आल्याआल्या निर्णय देऊ नये. निर्णयाला शून्याहून मोठी वेळ द्या, म्हणजे ६:०० च्या सगळ्या फेऱ्या उरकलेल्या असतील. किती वेळ? ते माझ्या पुस्तकात नाही. गेटवरच्या माणसाला विचारा, तो टँकर किती वेळ उभा ठेवतो.

विरजण | रविवार, संध्याकाळी ६:१५

दोन दिवस गायब होते, हिशेब देते.

घंटा काढली. रिकामे निरोप लावले, नर्मदाकाठ यांच्या रस्त्याच्या हिशेबाने. केंद्रांमधल्या फोनला एक मिनिट दिलं. वेळ सेकंदांत, पूर्णांक. प्रत्येक मॉडेलचा रँडम प्रवाह वेगळा. ई वजा. गेटला पिशवी, आणि निर्णयाला अंदाजाने दोन मिनिटं. बंद डब्याची अट घालून जावावाल्यांनी कोडची प्रत दिली, प्लांटने खोटा डेटा दिला. मग तेच सगळं एका लॅपटॉपवर एका यादीने चालवलं (टोकदार, खूश?) आणि चार मशीनवरही. दोन्ही लॉग समोरासमोर ठेवले. ओळ न् ओळ सारखी. मग खऱ्या डेटावर चार मशीनवर सहा वेळा, त्यातलं एक मुद्दाम रडक्या हॉटस्पॉटवरून. सहाही वेळा १३.

पंचकार्ड | रविवार, संध्याकाळी ६:४०

वा! हा तेरा दुधाचा.

काठावरचा_पास | रविवार, संध्याकाळी ६:५२

टाळ्या. गेटवरच्या माणसाला विचारलंत का पण? मला तेवढंच कळलं होतं धाग्यातलं.

विरजण | सोमवार, रात्री ९:३०

विचारलं. आज सकाळी साडेपाचलाच प्लांटवर गेले होते.

डॉकवरच्या मामांना म्हटलं, ६:०० ला टँकर आला आणि त्याच क्षणी सायलो तयार झाला तर तुम्ही काय करता? ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "बाई, सहाला पाळी बदलते. सव्वासहापर्यंत पाइपाला कोण हात लावतंय?" मग विचारलं, टँकर वळवायचा हे कधी ठरवता? तर म्हणे वळवायचा कशाला, टँकर इन्सुलेटेड आहे, दोन तास उभा राहिला तर काय बिघडतंय? ड्रायव्हर समोर मिसळ खातो, गाडीखाली सावलीत झोपतो. दोन तासांच्या वर गेलं तरच ते साहेबांना फोन लावतात.

टोकदार | सोमवार, रात्री ९:३८

म्हणजे सिम्युलेटर मॉडेलशी इमानदार, मॉडेल प्लांटशी नाही. बाराखडी सरांचे दोन प्रश्न, दोन वेगळी उत्तरं.

झिपरी | सोमवार, रात्री ९:४४

मग १३ चं काय झालं?

विरजण | सोमवार, रात्री ९:५०

पुसला. आता गेटच्या मॉडेलमध्ये 'मिसळ' नावाची अवस्था आहे, टाइम ॲडव्हान्स दोन तास. सायलोची चिठ्ठी मध्येच आली तर ई वजा करायचा आणि ड्रायव्हरला उठवायचं.